स्टिअरिंग तुमच्या हातात, मग पेपर एजंटाच्या हातात का?



एक प्रश्न विचारतो. उत्तर मनाशी द्या, पण खरं द्या.

साळखात्यात नवा बदलीवाला आला, तर त्याला पहिल्याच दिवशी साच्यांवर एकटा सोडत होता का तुम्ही? नाही! धोटा कसा सुटतो, उडाला तर डोळा कसा फोडतो, तुटलेला धागा कसा सांधायचा, चालत्या पट्ट्याजवळ हात का न्यायचा नाही, हे सगळं त्याला आधी सांगत होता. जॉबर कितीही खाष्ट असला तरी एवढं तो सांगायचाच. का? तर साचा कोणाची गय करत नाही. मालकाचा पोर असो की मजुराचा, हात गेला की गेला!

मग तेच तुम्ही, ज्यांनी यंत्राशी वागायचं कसं हे उभ्या हिंदुस्थानाला शिकवलं, आपल्या पोराला अठरा टनांच्या ट्रकवर बसवताना काय करता? नाक्यावरच्या एजंटाच्या हातावर पैसे ठेवता आणि म्हणता, "भाऊ, लायसन तेवढं काढून दे!"

याच एका गोष्टीविरुद्ध हे लिहिलं आहे. राग आला तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

ट्रकचा आणि आपला संबंध काय?

कोणी म्हणेल, गिरणी कामगारापुढे ट्रकच्या परीक्षेचं पुराण कशाला? अहो, संबंध कसा नाही! १८ जानेवारी १९८२ ला गिरणगावात संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंत, नाहीतर बापाच्या तोंडून ऐकलंत. एकामागून एक भोंगे मुके झाले. साचे भंगारात गेले. जिथं आपला घाम सांडला तिथं काचेचे मनोरे उभे राहिले. पण पोट काही भंगारात घालता येत नाही! कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झाला आणि पुष्कळांच्या पोरानातवांनी चाक धरलं. कोणी रिक्षा, कोणी टेंपो, कोणी ट्रक.

आज इचलकरंजीत, मालेगावात, भिवंडीत यंत्रमाग चालतात, तिथंही तेच. भिवंडीत मागाच्या शेजारीच गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. बाप मागावर आणि पोरगा गोदामाच्या दारात ट्रक लावून उभा, असं चित्र घरोघर आहे. म्हणजे कापड विणणारा मराठी माणूस आणि कापड वाहणारा मराठी माणूस एकाच ताटात जेवतात. मग त्या ट्रकच्या लायसनचा प्रश्न आपला नाही, तर कोणाचा?

एजंटाचं शास्त्र

एजंट काय म्हणतो ते ऐका. "परीक्षा? कसली परीक्षा, मामा! तुम्ही फक्त आधार कार्ड द्या, मोबाइल द्या. नंबर आला की मला सांगा. प्रश्नबिश्न आमचा पोरगा टिचकी मारून सोडवतो."

२०२१ सालापासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा आधार कार्डावर घरबसल्या देता येऊ लागली. सोय चांगली आहे. कामगाराचा खाडा वाचतो, रांग वाचते. पण सोय कोणासाठी झाली? परीक्षा घरी बसून आहे, पण देणारा मात्र दुसराच! पोरगं बाहेर चहा पितं आणि आत एजंटाचा माणूस त्याच्या नावानं पास होतो. वा रे विद्या! अशानं उद्या एजंट तुमच्या नावानं जेवेल आणि तुम्हाला ढेकर येईल!

आमच्या चाळीतली एक गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण त्या घरानं पुष्कळ सोसलं आहे. आजा त्रासनखात्यात होता. संपात नोकरी गेली. नातवानं ट्रकची वाट धरली. शिकाऊ परीक्षा एजंटानं दिली. जड वाहन शिकल्याचा दाखलाही मिळाला, ज्याला सरकारदरबारी फॉर्म ५ म्हणतात. दाखला मिळाला, शिकणं तेवढं राहिलं! वर्षभरात पोरगं कसारा घाटात भरलेली गाडी उतरवत होतं. रात्रीची वेळ. डिझेल वाचवावं म्हणून गाडी न्यूट्रलला टाकली आणि ब्रेकवर पाय देत देत उतरू लागला. ब्रेक तापले. जळका वास आला. मग पाय दाबला तरी गाडी थांबेना. पोरानं दरी सोडून डोंगराकडं स्टिअरिंग वळवलं, म्हणून दोघे जगले. पण क्लिनर पोराचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. एकोणीस वर्षांचं पोर ते!

मी दवाखान्यात गेलो तेव्हा नातू म्हणाला, "काका, ज्या गिअरनं घाट चढायचा त्याच गिअरनं उतरायचा, हे मला कोणी सांगितलंच नाही हो."

कामगार बंधूंनो, हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. कोणी सांगितलंच नाही! अरे, सांगणार कोण? सांगण्याची आणि विचारण्याची जी एक जागा होती, ती आपणच पैसे देऊन बंद केली!

परीक्षेत असतं तरी काय?

एजंटानं या परीक्षेचा असा बाऊ करून ठेवला आहे, जणू बॅरिस्टरीचाच पेपर! पडदा उचलून बघा तर खरं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली केंद्राचे नियम झाले. त्यांतला ११ वा नियम सांगतो की शिकाऊ परवाना मागणाऱ्याला चार गोष्टी ठाऊक हव्यात. पहिली, रस्त्यावरच्या खुणा, दिवे आणि वाहतुकीचे नियम. दुसरी, अपघात झाला तर चालकाचं कर्तव्य. तिसरी, फाटकवाला नसलेलं रेल्वे फाटक ओलांडताना घ्यायची काळजी. चौथी, गाडीत कोणते कागद बाळगायचे. संपलं! शंभरातले साठ टक्के बरोबर आले की पास. म्हणजे पंधरा प्रश्न असले तर नऊ.

ट्रकपर्यंत पोचायची शिडीही समजून घ्या. अठराव्या वर्षी हलक्या मोटारीचा परवाना. तो किमान एक वर्ष हातात असला आणि वय वीस झालं, की मग जड वाहतूक वाहनाचा शिकाऊ परवाना. त्याला डॉक्टरचा दाखला लागतो आणि पुढे पक्क्या परवान्यासाठी चालवण्याची परीक्षा व तो फॉर्म ५. साडेसात हजार किलोपर्यंतच्या लहान मालगाडीला हलक्या मोटारीचा परवाना चालतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२४ ला दिला आहे. हे ठाऊक नसलं की एजंट त्याचेही पैसे उकळतो!

खुणांची भाषा आपल्या बोलीत

पुस्तकात लिहिलेलं असतं, आदेशात्मक चिन्हे, सावधगिरीची चिन्हे, माहितीदर्शक चिन्हे. पोरगं वाचतं आणि घाबरतं. अरे, घाबरायचं काय त्यात!

गोल पाटी म्हणजे जॉबरचा हुकूम. ऐकायलाच लागतं. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई नाहीतर मर्यादा, निळा गोल म्हणजे सक्ती. तिकोनी पाटी म्हणजे दोस्ताचा इशारा: "बाबा रे, पुढं वळण आहे, जपून." चौकोनी पाटी म्हणजे नाक्यावरच्या पानवाल्यानं सांगितलेला पत्ता: दवाखाना इकडं, पेट्रोल पंप तिकडं. आठ कोनांची लाल पाटी दिसली की थांबायचं आणि उलटा त्रिकोण दिसला की दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हे दोन्हीही हुकूमच, बरं का!

ट्रकवाल्यानं जास्त जपायच्या त्या गोल पाट्यांवरच्या आकड्यांच्या खुणा. आकड्याच्या वर आणि खाली टोकं असली तर ती उंचीची मर्यादा. दोन्ही बाजूंना टोकं असली तर रुंदीची. टनांचा आकडा असला तर वजनाची. साडेतीन मीटरच्या पुलाखाली चार मीटर माल घालणारा ड्रायव्हर पुलाला शिव्या देतो. पूल काय करील? पुलानं तर आधीच लिहून ठेवलं होतं!

फाटकवाला नसलेल्या फाटकाचं काय? कायद्याचं १३१ वं कलम म्हणतं, गाडी थांबवायची. क्लिनरनं खाली उतरून फाटकापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही हे बघायचं आणि मग ट्रक पुढं घ्यायचा. क्लिनर नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं. रेल्वेनं मोठ्या मार्गांवरची अशी फाटकं जानेवारी २०१९ पर्यंत संपवली. तरी कलम आहे, प्रश्न आहे आणि कारखान्यांच्या आत जाणारे रूळही आहेत.

आणि अपघात झाला तर? इथं नीट लक्ष द्या, कारण इथं माणसं तुरुंगात जातात. १३४ वं कलम सांगतं की जखमीला जवळच्या डॉक्टरकडे न्यायची खटपट करायची. जमाव अंगावर धावून आला, किंवा आपल्या हाताबाहेरचं दुसरं काही झालं, तर ती गोष्ट वेगळी, ती कायद्यालाही मान्य आहे. पण मग जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, चोवीस तासांच्या आत, जाऊन सांगायचं. विमा कंपनीलाही कळवायचं. जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली होती, आठवतं? नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांची शिक्षा लिहिली होती, म्हणून. चाकं थांबली, सरकार नरमलं आणि १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवावं लागलं. एकजुटीचा तो विजय! पण ज्याला १३४ ठाऊक नाही, तो भेदरून पळतो. आणि पळाला की बिचारा गुन्हेगार ठरतो. एकजूट संपाच्या दिवशी वाचवते. रात्री दोन वाजता हमरस्त्यावर एकट्याला वाचवतं ते ज्ञान!

सरकारचा पेपर अर्धा आहे!

आता एजंटाला सोडतो आणि सरकारला धरतो.

ज्याच्याजवळ एक चालू परवाना आहे, त्याला त्याच ११ व्या नियमानं या प्राथमिक परीक्षेतून सूट आहे. म्हणजे गंमत बघा! अठराव्या वर्षी पोरगं लहान मोटारीसाठी पाटीची खूण ओळखतं आणि तेवढ्याच विद्येवर विसाव्या वर्षी अठरा टनांचा ट्रक मागायला जातं. जड गाडी चालवून दाखवावी लागते, कबूल. पण हवेच्या ब्रेकबद्दल, माल बांधण्याबद्दल, धुरीवर वजन कसं बसतं याबद्दल वेगळा पेपर नाही! साच्याची परीक्षा चरख्यावर घ्यावी, तसलीच ही तऱ्हा!

अमेरिकेत १९८६ साली मोठ्या गाड्यांच्या परवान्याचा वेगळा कायदा झाला. तिथं ट्रकवाल्याला ट्रकच्याच सर्वसाधारण माहितीचा पेपर द्यावा लागतो. हवेच्या ब्रेकचा भाग निराळा, जोडगाडीचा निराळा, घातक मालाचा निराळा. पास व्हायला साठ नव्हे, ऐंशी टक्के लागतात. हवेच्या ब्रेकची परीक्षा दिली नाही, किंवा तीत नापास झाला, तर परवान्यावर तसं लिहितात: याला हवेच्या ब्रेकची गाडी देऊ नका. आपण अमेरिकेची आरती ओवाळत नाही. पण चांगली गोष्ट शत्रूकडूनही घ्यावी, मग इथं लाज कसली?

२००७ साली वाहतूक परवान्याला आठवी पासाची अट घातली होती. २०१९ साली ती काढली. आम्ही म्हणतो, काढली ते बरं केलं! गरिबाच्या पोराची शाळा सुटली हा त्याचा गुन्हा नव्हे. पण अट काढणाऱ्यांनो, शाळेचा दाखला काढलात, त्याच्या जागी विद्या ठेवलीत का? दार उघडलंत आणि आत दिवाच लावला नाहीत!

सडकेचा पेपर

सरकार विचारो न विचारो, सडक विचारते. तिचा पेपर रोज असतो आणि तिथं साठ टक्के चालत नाहीत. त्यातले चार प्रश्न आजच पाठ करा.

पहिला प्रश्न घाटाचा. ज्या गिअरनं चढलात त्याच गिअरनं उतरा. न्यूट्रल नको! न्यूट्रलला गाडी टाकली की इंजिन तिला मागं ओढत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पकड सोडतात. त्यात इंजिन बंद केलंत तर हवा भरणारा पंपही थांबतो. दर वेळी पाय दिला की टाकीतली हवा घटत जाते. निघण्याआधी हवेचा काटा बघा, टाकीतलं साचलेलं पाणी सोडा. आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

दुसरा प्रश्न वजनाचा. सहाचाकी ट्रकची एकूण वजनाची मर्यादा २०१८ साली १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. एकूण म्हणजे गाडी अधिक माल, फक्त माल नव्हे! समजा रिकामी गाडी सहा टनांची आहे, तर मालाला साडेबारा टन उरले. गोदामवाला म्हणतो, "घाल रे अजून तीन टन, काय होतंय?" काय होतंय ते १९४ वं कलम सांगतं: वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार. हे कलम चालवणाऱ्यालाही धरतं आणि चालवायला लावणाऱ्यालाही. मालकाला हे ठाऊक असतं, ड्रायव्हरला नसतं. म्हणून नफा मालकाचा आणि नाक्यावर उभा ड्रायव्हर!

तिसरा प्रश्न झोपेचा. कामगारांनो, हा तर आपला जुना झगडा! नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना उभं केलं आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. पुढे आठ तासांची पाळी आली. मोटार कामगारांनाही १९६१ च्या कायद्यानं दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा लिहून दिला होता. तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितेत विरला आहे, पण आठ तासांचं माप संहितेतही आहे. मग सोळा सोळा तास स्टिअरिंग कोणाच्या हुकमानं? आपल्या आज्यानं मिळवलेली झोप नातवानं डिझेलच्या वासात गमवायची काय?

चौथा प्रश्न बाटलीचा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक दारू सापडली की गुन्हा. "एकच घेतली होती साहेब" हे उत्तर या पेपरात चुकीचं आहे!

भाषेचा प्रश्न टाळून चालणार नाही

१ मे १९६० ला मराठी माणसाचं राज्य झालं. ते भिकेत मिळालं नाही, गिरणगावानं त्यासाठी रक्त सांडलं. १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत मराठी निवडता येते. तरी पोरगं एजंटाकडं गेलं की एजंट म्हणतो, "इंग्लिश ठेवू, लवकर होतं." लवकर होतं कोणाचं? त्याचं! भाषा आपल्याला न कळणारी असली की उत्तरही आपल्याला कळत नाही, आणि मग एजंटावाचून आपलं पान हलत नाही. त्याचा धंदा आपल्या अडाणीपणावर नाही चालत. तो चालतो आपल्या भीतीवर!

पण नुसती "मराठी, मराठी" करून भागणार नाही. सरकारी मराठी ही पुष्कळदा मराठीच्या वेषातली परकी बाई असते! पोरगं वाचतं, अक्षर कळतं, अर्थ कळत नाही. आम्हाला ब्रेक, गिअर, टायर, क्लच हेच शब्द हवेत. ते आता आमचेच आहेत, जसे जॉबर आणि बाबीन आमचे झाले. प्रश्न असा हवा की गॅरेजमधल्या पोरालाही तो आपल्यालाच विचारलाय असं वाटावं.

आणि एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण आमच्या तोंडी भलतं घालणारे पुष्कळ आहेत. शेजारी उभा असलेला भय्या ड्रायव्हर, सरदारजी ड्रायव्हर आपला वैरी नाही. त्यालाही घाटच उतरायचा आहे. त्यालाही त्याच्या भाषेत ब्रेकचं शास्त्र कळलं पाहिजे, कारण त्याचा ब्रेक गेला तर खाली आपलंच पोर सापडतं! मातृभाषेतून विद्या हा हक्क आम्ही स्वतःसाठी मागतो, तसाच दुसऱ्याला देतो.

"वेळ कुठाय?" म्हणणाऱ्यांना

कोणी म्हणतो, "अनुभव हाच गुरू." खरं आहे! पण हा गुरू फी आधी घेतो आणि शिकवतो मागाहून. त्या क्लिनर पोरानं एक पाय फी भरली. धडा शिकला दुसराच!

कोणी म्हणतो, "पोटामागं धावतोय, वाचू कधी?" अहो, गिरणगावात बारा तास राबलेला माणूस रात्रशाळेत जात होता! चाळीच्या गॅलरीत एक जण वर्तमानपत्र वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही दुनियेची खबर होती. तीच रीत पुन्हा काढा. पंधरा संध्याकाळी द्या, फक्त तासभर. पाच संध्याकाळी खुणा: एकानं पाटी दाखवायची, बाकीच्यांनी अर्थ सांगायचा. तीन संध्याकाळी कलमं आणि कागद: परवाना, नोंदणी पुस्तक, विमा, फिटनेस, परमिट, धुराचा दाखला. चार संध्याकाळी गाडीचं पोट: चाळीतल्या जुन्या ड्रायव्हरला बोलवा, ब्रेक, हवा, टायर, माल बांधणं त्याच्याकडून शिका. राहिलेल्या तीन संध्याकाळी एकमेकांची परीक्षा. मुलींनाही बसवा! कायद्यात ट्रक फक्त पुरुषाचा असं कुठंही लिहिलेलं नाही.

आणि परीक्षेच्या दिवशी मोबाइल स्वतःच्या हातात धरा, भाषा मराठी निवडा, बोट स्वतःचं वापरा. नापास झालात तर? झालात! पुन्हा द्या. नापास झालेला ड्रायव्हर घरी परत येतो. विकत पास झालेला येईलच असं नाही!

आमच्या मागण्या

एक: ट्रकच्या परवान्यासाठी ट्रकचाच वेगळा पेपर हवा. ब्रेक, वजन, घाट, विश्रांती यांवर!

दोन: तो पेपर बोलत्या मराठीत, आणि ज्याची जी भाषा त्याला त्या भाषेत. ज्याला वाचता येत नाही त्याला प्रश्न ऐकवा!

तीन: जड वाहनाचा मान्यताप्राप्त केंद्रातला अभ्यासक्रम सहा आठवड्यांत अडतीस तासांचा आहे. अशी केंद्रं गिरण्यामागांच्या गावांत काढा, आणि बंद गिरण्यांच्या कामगारांच्या मुलांची फी सरकारनं भरावी!

चार: न शिकवता फॉर्म ५ विकणाऱ्यांचे परवाने रद्द करा. दुसऱ्याच्या नावानं परीक्षा देणाऱ्याला तुरुंग दाखवा!

या मागण्या सरकार मानील तेव्हा मानील. आपण मात्र आजपासून एक मागणी स्वतःकडे करू: माझ्या घरातला परवाना विकत येणार नाही!

गिरणीचा साचा आपल्या हातून गेला. तो आपल्या अज्ञानानं गेला नाही, दुसऱ्यांच्या लोभानं गेला. पण नातवाच्या हातातलं स्टिअरिंग जर आपल्या आळसानं गेलं, तर दोष कोणाला देणार?

वाचा! मराठीत वाचा! स्वतः वाचा!
एजंटाची टिचकी नको, कामगाराचं डोकं हवं!
जय महाराष्ट्र!